बरा हात चालत नाही

आमच्या धुलाईखान्यात तिला सगळे मोजेवाली म्हणायचे. रबरी हातमोजे तर मळके कपडे धुणाऱ्या सगळ्याच बायका घालतात. ही त्याच्या आत आणखी एक पांढरा सुती जोड घालायची, धाकट्या बहिणीने शिवून दिलेला. जेवायला बसली की रबरी जोड काढायची, सुती तसाच ठेवायची आणि चमच्याने जेवायची. बायका म्हणायच्या, "राणीसाहेबांचे हात उघडे पडले तर काळे होतील हो!" ती हसायचीही नाही आणि चिडायचीही नाही. डबा पुसायची आणि जेवणाची सुट्टी संपायच्या दोन मिनिटं आधीच उठून कामाला लागायची.

दोन मिनिटं आधी! मी एकोणीस वर्षं इथली मुकादम आहे, आणि वेळेआधी कामाला लागणाऱ्या माणसाचा मला आधी संशय येतो, कौतुक जमलं तर नंतर. त्याला कारण आहे. चार वर्षांपूर्वी आमच्या ढकलगाड्यांवर एक माणूस होता. हसतमुख, चटपटीत, रोज सकाळी "नमस्कार बाई" म्हणणारा. सव्वा वर्षाने कळलं की तो एक माणूस नव्हताच. दोघे भाऊ होते, एकाच नावावर आलटून पालटून यायचे, आणि मी दोघांचाही नमस्कार एकच समजून घेत होते. अख्ख्या रुग्णालयात माझं हसं झालं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी त्यानंतर साधं पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

आमचा धुलाईखाना रुग्णालयाच्या तळघरात आहे. मधे भिंत आणि भिंतीत एक मोठी काच. अलीकडे स्वच्छ बाजू, म्हणजे वाळवणं, इस्त्रीचे रोलर, घड्या आणि माझं टेबल. पलीकडे मळकी बाजू. वॉर्डांतून आलेल्या चादरी, गाऊन, शस्त्रक्रियेची हिरवी फडकी, सोडा, ब्लीच आणि दिवसभर वाफ. तिथल्या बाईच्या डोक्याला टोपी, तोंडाला मास्क आणि गळ्यापासून पोटऱ्यांपर्यंत एप्रन. दिसतात ते फक्त डोळे. मोजेवाली अकरा वर्षं त्या काचेपलीकडे होती.

तिच्याकडे एक खास काम होतं, खिसे तपासायचं. गाऊन यंत्रात जायच्या आधी एकेक खिसा उलटा करायचा. लोक काय काय विसरतात म्हणून सांगू! चष्मे, किल्ल्या, श्रवणयंत्रं, एकदा तर दातांची अख्खी कवळी. ती सगळं एका पत्र्याच्या डब्यात ठेवायची, प्रत्येकाला वॉर्डाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधायची आणि संध्याकाळी डबा माझ्या टेबलावर आणून द्यायची. कवळीलासुद्धा चिठ्ठी बांधली होती तिने, दोन दातांमधून दोरा ओवून. अकरा वर्षांत एक वस्तू इकडची तिकडे झाली नाही. आता खरं सांगते, याचंही मला बरं वाटायचं नाही. गोगलगाय आणि पोटात पाय, असं मी मनाशी म्हणायची.

गेल्या वर्षी आमच्याकडे दोन गोष्टी एकदमच आल्या. एक बोटाच्या हजेरीचं यंत्र आणि दुसरी कायम करायची यादी. कंत्राटावरच्या ज्या माणसांची सहा महिन्यांत यंत्रावर एकशे चाळीस दिवस हजेरी लागेल ती कायम. ज्यांची लागणार नाही त्यांचं कंत्राट संपलं, पुन्हा मिळणार नाही. यंत्राने एखाद्या दिवशी अंगठा घेतला नाही तर माणसाने काम करायचं, पण तो दिवस माझ्या सहीसाठी थांबून राहायचा. मी सही केली तर धरला, नाही केली तर गेला. माझ्या पेनात एवढी ताकद याआधी कधी आली नव्हती.

मळक्या बाजूच्या सगळ्या बायकांच्या अंगठ्यांची नोंद आम्ही एकाच संध्याकाळी उरकली, पाळी सुटता सुटता. मग यंत्र सुरू झालं. तिसऱ्या आठवड्यापासून मोजेवालीच्या अंगठ्याला लाल दिवा लागायला लागला. कधी हिरवा, कधी लाल. ती माझ्या टेबलापाशी आली. स्वतःहून आली, हेच मुळात नवल.

"ताई, हे यंत्र माझा बरा हात घेत नाही."

"म्हणजे गं?"

"हात चिरलेला असला की घेतं. जरा बरा झाला की नाही म्हणतं."

मी मोठ्याने हसले. "अगं, चिरलेलं बोट यंत्राला कळत नाही, बरं कळतं. थाप मारायची तर सरळ तरी मार!"

शेजारी घड्या घालणाऱ्या दोघी हसल्या. ती काचेपलीकडे निघून गेली. त्यानंतर त्या विषयावर तिने माझ्यापाशी पुन्हा तोंड उघडलं नाही.

माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. मी एक छोटी निळी वही केली. यंत्रापुढे दोन्ही जोड काढावेच लागतात, तेव्हा मी रोज तिच्या हातांकडे बघायला लागले. हिरवा दिवा लागला त्या दिवशी हात बघवत नसत. लालभडक, सुजलेले, अंगठ्याच्या पेरावर आडव्या चिरा आणि कडेने सोलपटं निघालेली. लाल दिव्याच्या दिवशी तेच हात बरे. चिरा मिटलेल्या, गुलाबी, कोवळी कातडी. आणि लाल दिवे बहुतेक साप्ताहिक सुट्टीनंतरच लागायचे.

आता तुम्हीच सांगा, काय समजायचं? मी जे समजले ते कुणीही समजलं असतं. बाया दोन होत्या! खराब हातांची एक आणि चांगल्या हातांची दुसरी. सुट्टीला जोडून आणखी एक-दोन दिवस आराम हवा म्हणून ही घरी बसते आणि बहिणीला पाठवते. बहिणीला मी एकदा फाटकापाशी पाहिलं होतं. तीच उंची, तीच चाल, मास्कच्या वर दिसतील तसेच हुबेहूब डोळे. पुन्हा दोन भावंडं आणि पुन्हा मीच मूर्ख! नाही म्हणजे नाही. थांबलेल्या एकाही दिवसावर मी सही केली नाही.

वहीत रोज लिहायची. "सकाळी सात वाजून पाच. लाल दिवा. हात बरे. आज बहीण आली आहे. साडेनऊला खिसे. बाराला जेवण, चमचा. दोनला तीन नंबरचं यंत्र भरलं. चार वाजता डबा आणून दिला." बहीणही डबा तसाच आणून देते, चिठ्ठ्या तशाच बांधते, अक्षरही तेच काढते, याचा मला अचंबा वाटायचा. किती तयारी केली असेल दोघींनी, असं मला वाटायचं.

आमचे हे निवृत्त पोस्टमन. एक दिवस मी भाजी निवडता निवडता सगळा प्रकार सांगितला. म्हणाले, "मी तीस वर्षं पत्रं वाटली. दार उघडणाऱ्याला 'तुम्हीच का?' एवढंच विचारायचो. तू पण विचार की."

"विचारलं तर सावध होईल."

"सावध झाली तर तुझी करमणूक जाईल, असं म्हण."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हणाले. ते गप्प बसले, पण भाजी निवडून झाल्यावर पुन्हा म्हणालेच, "विचारायला काही लागत नाही गं."

सहाव्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी तिला पकडली. जेवणाची सुट्टी होती. मोजेवाली दिसेना म्हणून मी मागच्या दाराने मळक्या बाजूला गेले. ती नळापाशी पाठमोरी उभी होती. दोन्ही जोड काढलेले. डाव्या हाताच्या चिमटीत कोरडा सोडा घेऊन उजव्या अंगठ्यावर घासत होती, अगदी चिकटलेलं भांडं घासावं तशी. मधेच थांबायची, अंगठा उजेडात धरून बघायची आणि पुन्हा घासायची. नळाखाली धरला तेव्हा तिने दातांत पदर धरल्याचं मला बाजूने दिसलं. एक पाऊल मी पुढे टाकलंही. पण संशयी माणसाचं डोकं किती तेज चालतं बघा! मी तिथल्या तिथे ठरवलं की ही बहीणच आहे आणि हिच्यासारखे हात दिसावेत म्हणून सोंग रंगवते आहे. मी आल्या पावली मागे फिरले आणि दोन पानी अहवाल लिहिला.

रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांनी तो वाचला. यादी बंद व्हायला नऊ दिवस उरले होते. ते म्हणाले, तिला चार दिवस घरी बसवा, पाचव्या दिवशी दोघी बहिणींना माझ्यासमोर आणा. हातची नोकरी आता जाणार हे मोजेवालीला कळलंच असणार. मी निरोप दिला तेव्हा तिने एवढंच विचारलं, "डबा कुणाकडे देऊ?" त्या दिवशी खिशांत दोन चष्मे निघाले होते.

पाचव्या दिवशी साहेबांच्या खोलीत यंत्र आणून टेबलावर ठेवलं. यंत्राची देखभाल करणारा मशीनवाला एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. मोजेवाली आली. मागोमाग धाकटी आली, शिवणाच्या दुकानातून तशीच, गळ्यात टेप आणि पदराला टाचण्या. मास्क नसताना दोघी शेजारी उभ्या राहिल्या तेव्हा मला दिसलं की दोघींत तसं फारसं साम्य नव्हतंच. हनुवटी वेगळी, नाक वेगळं. धाकटीची जीभ तर फारच वेगळी. पण एवढं लिहून दिल्यावर मागे कोण हटतो?

"हातच्या कांकणाला आरसा कशाला," मी म्हणाले. "लावा अंगठे."

धाकटीने लावला. लाल. मी साहेबांकडे बघितलं. मग मोजेवालीने सुती जोड काढला. चार दिवस घरी होती, पाण्यात हात नव्हते, मलम लावलं असणार. अंगठा चांगला बरा दिसत होता. तिने तो काचेवर ठेवला. लाल. पुसून पुन्हा ठेवला. लाल. दहा वेळा ठेवला तिने, आणि दहाही वेळा लाल.

साहेब चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे यंत्रात नोंदलेली बाई या दोघींपैकी कोणीच नाही?"

"मग तिसरी असेल!" माझ्या तोंडून गेलं.

"तिसरी?" धाकटी उसळली. "थांबा हं, आमच्या आईला विचारून येते, तिला माहीत नसेल!" आणि ती तरातरा निघून गेली. आईकडे नाही, तिसऱ्या मजल्यावर. दहा मिनिटांनी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना हाताला धरूनच घेऊन आली. मोजेवाली सहा वर्षं त्यांच्याकडे औषध घेत होती. आमच्याच रुग्णालयात, आमच्याच डोक्यावर तीन मजले, आणि मला पत्ता नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिचा अंगठा भिंगाखाली धरला. मग मशीनवाल्याला म्हणाल्या, "यंत्रात हिची जी नोंद आहे ती पडद्यावर दाखवा." त्याने दाखवली. त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.

"ही रेघ, ही आणि ही," त्या म्हणाल्या. "या बोटाच्या रेषा नाहीत. या चिरा आहेत. खऱ्या रेषा सुजेखाली दबून गेल्यात, मधे तर दिसतच नाहीत. अहो, तुम्ही हिचं बोट नोंदवलंच नाही. हिचा आजार नोंदवलाय. आता बोट बरं झालं, रेषा वर आल्या, तर यंत्र म्हणणारच की ही ती नव्हे."

"मग चिरलेलं कसं चालतं?" साहेबांनी विचारलं.

"हिच्या चिरा दर वेळी त्याच जागी उकलतात. बरंचसं जुळलं की यंत्र घेतं." मग त्या मोजेवालीकडे वळल्या. "तरी मी म्हणते मलम लागू का पडत नाही. तू लावत नव्हतीस का गं?"

"सुट्टीला लावायचे," ती म्हणाली. "हातात सुई धरवायची नाही, बटण लावता यायचं नाही, म्हणून. मग सोमवारी लाल दिवा लागायचा. मग पुन्हा घासायचे. दिवस भरायचे होते ना."

धाकटीने गळ्यातली टेप काढून मुठीत गुंडाळली.

"ही नोंद घेतली कुणी? आणि असल्या दिवशी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मशीनवाला माझ्याकडे बघायला लागला. तो भला माणूस, नाव घेईना.

"मी," मी म्हणाले. आणि मग सगळंच सांगितलं. त्या आठवड्यात नवं ब्लीच आलं होतं, जहाल. बायकांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. नोंदीसाठी कामाचा वेळ मोडायला नको म्हणून मी सगळ्यांना पाळी सुटताना रांगेत उभं केलं, आठ तास भिजलेल्या हातांनी. मोजेवालीचा अंगठा यंत्र घेईना. मशीनवाला म्हणाला, "बाई, हिचा चार दिवसांनी घेऊ." मी म्हणाले, "चार दिवसांनी काय नवा अंगठा फुटणार आहे?" आणि तिचं मनगट धरून अंगठा काचेवर दाबला. सहा वेळा दाबला. सहाव्यांदा हिरवा दिवा लागला आणि काचेवर लाल डाग राहिला. तो मीच माझ्या रुमालाने पुसला आणि पुढचीला हाक मारली.

साहेबांनी हिशेब घातला. यंत्रावर तिचे एकशे सव्वीस दिवस. थांबलेले एकवीस. "हे एकवीस धरले तर ती यादीत बसते. पण त्या दिवशी हीच कामावर होती याला पुरावा काय? नुसती सही मला चालणार नाही."

पुरावा माझ्या पिशवीत होता. मी निळी वही काढली. ती कधी आली, कुठे उभी राहिली, कोणतं यंत्र भरलं, डबा केव्हा दिला, सगळं तारीखवार, मिनिटावर लिहिलेलं. एवढी बारीक हजेरी रुग्णालयात कुणाचीच नसेल. फक्त एकवीस पानांवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, आज बहीण आली आहे.

"प्रत्येक ठिकाणी खोडा, हिचं नाव घाला, शेजारी सही करा," साहेब म्हणाले. "हिच्यासमोर."

मी बसले. मोजेवाली माझ्यासमोर खुर्चीवर बसली. मी बहीण खोडायची, तिचं नाव लिहायची, सही करायची, पान उलटायची. ती प्रत्येक पान वाचत होती. चमचा, तीन नंबरचं यंत्र, कवळी, चष्मे. मला लाज वाटत होती, इतकी की वर बघवेना. बाराव्या पानावर ती बोलली.

"अकरा वर्षं झाली, ताई. मास्कच्या वर डोळे तरी उघडे होते ना."

माझा पेन थांबला. डोळे तर मी रोज बघत होते, पण ते बहिणीचे आहेत का एवढ्यासाठीच. मी म्हणाले, "चुकले गं मी." ती म्हणाली, "पुढचं पान घ्या."

ती कायम झाली. साहेबांनी तिला यंत्रातून सूट दिली आणि तिचं काम स्वच्छ बाजूला, माझ्या टेबलापासून चार हातांवर, घड्यांकडे लावलं. हात आता बरे असतात. अंगठ्याच्या मधोमध मात्र एक पांढरा, गुळगुळीत चट्टा राहिलाय, तिथे रेषा उगवल्याच नाहीत. उगवतील की नाही हे डॉक्टरीणबाईंना सांगता येत नाही. खिशांचा डबा दुसरीकडे गेला. दुसरी चिठ्ठ्या बांधत नाही.

तिची हजेरी आता साध्या वहीत असते. संध्याकाळी ती सही करते, शेजारी मी करते. पहिल्याच दिवशी माझी सही झाली तशी तिने उजव्या हाताचा सुती मोजा काढला, फोन बाहेर काढला आणि त्या ओळीचा फोटो घेतला. माझ्या नाकासमोर! मोठा करून बघितला, तारीख दिसते का, सही पुरी आहे का. मला असा राग आला! घरी येऊन मी आदळआपट केली. "एकोणीस वर्षं मुकादम आहे मी, आणि ही माझ्या सहीचा फोटो घेते! माझ्यावर विश्वास नाही म्हणजे काय?"

हे पेपरमधून डोकंही न काढता म्हणाले, "चांगली शिकवलीस तिला."

आता आठ महिने झाले. ती रोज फोटो घेते. त्यासाठी मोजा काढावाच लागतो, त्यामुळे तो पांढरा चट्टा मला रोज दिसतो. मी सही सावकाश, अक्षर अक्षर नीट काढते आणि फोटो काढून होईपर्यंत वही तिच्याकडे फिरवून धरते.